पाटी स्वदेशी, यंत्र कोणाचे?

नागपुरात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली, त्यानंतरच्या वर्षांत स्वदेशीचा विचार घरोघरी पोहोचला तो याद्यांच्या रूपाने. साबण, दंतमंजन, शीतपेय, बुटाचे पॉलिश. एका रकान्यात विदेशी नाव आणि शेजारच्या रकान्यात त्याचा स्वदेशी पर्याय. ती छापील यादी कित्येक घरांत दिनदर्शिकेच्या शेजारी टांगलेली असे. योगायोग असा की, त्याच १९९१ च्या ऑगस्टमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत उभारलेले वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी खुले झाले. ते पाहण्याचे साधन, म्हणजे जगातील पहिला ब्राउझर, 'नेक्स्ट' नावाच्या एकाच बनावटीच्या संगणकावर चालत असे. याद्या करणाऱ्यांना त्याची खबर असण्याचे कारणच नव्हते. सामान्य भारतीयाला इंटरनेटची जोडणी मिळू लागली तीच मुळी १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत.

आज साबणाचा उपयोग दिवसातून एकदा-दोनदा होतो. ब्राउझरचा मात्र पहाटेच्या पंचांगापासून रात्रीच्या रेल्वे आरक्षणापर्यंत अखंड चालू असतो. सातबाराचा उतारा, बँकेचे खाते, मुलांचा निकाल, प्राप्तिकराचे विवरणपत्र, सारे याच खिडकीतून दिसते. २ ऑक्टोबर २०२५ रोजी रेशीमबागेत झालेल्या संघाच्या शताब्दी वर्षातील विजयादशमी उत्सवात सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांनी, जगात परस्परावलंबन अटळ असले तरी ते आपली अगतिकता होता कामा नये, अशा आशयाचे प्रतिपादन करून स्वदेशी व स्वावलंबनावर भर दिला. त्याच सुमारास झोहो या भारतीय कंपनीच्या 'अरट्टई' या संदेशसेवेचे आणि 'उला' या ब्राउझरचे नाव कुटुंबांच्या गटांवर फिरू लागले. क्रोम काढा, उला बसवा, झाली स्वदेशी. संदेशाची दिशा योग्यच आहे. परंतु साबणाची वडी बदलणे आणि ब्राउझर बदलणे या दोन सारख्या गोष्टी नाहीत, आणि हा फरक ज्याला समजला नाही त्याच्या स्वदेशीची धाव पाटी बदलण्यापलीकडे जात नाही.

धरमपेठेतील एखाद्या मध्यमवर्गीय घराचेच उदाहरण घ्यावे. वडिलांच्या टेबलावर विंडोजचा संगणक, त्यात मायक्रोसॉफ्टचा एज. पुण्याहून सुट्टीवर आलेल्या मुलीजवळ ॲपलचा लॅपटॉप, त्यात सफारी. आजोबांच्या हातात अँड्रॉइडचा मोबाइल, त्यात गूगलचा क्रोम. अभियांत्रिकीला शिकणाऱ्या मुलाने हौसेने लिनक्स बसविले असेल, तर तेथे बहुधा फायरफॉक्स. चौघांनी चार ब्राउझर निवडले, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात पहिल्या तिघांनी काहीच निवडलेले नाही. ज्याने घर बांधले त्यानेच दार बसवून दिले आणि राहणाऱ्याने ते वापरले, इतकेच.

हा प्रकार जुना आहे. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट देऊन नेटस्केपसारख्या प्रतिस्पर्ध्याला जवळजवळ नामशेष केले. त्यावरून अमेरिकेच्या शासनाने १९९८ मध्ये खटला भरला, २००० मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले आणि अखेर २००१ मध्ये प्रकरण तडजोडीवर मिटले. तोवर जगातील दहातले नऊ जण एक्सप्लोरर वापरू लागले होते. महाराष्ट्रात २००१ मध्येच एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि गल्लोगल्लीच्या केंद्रांतून लाखो विद्यार्थी, गृहिणी व शासकीय कर्मचारी संगणक शिकले. ते ज्या संगणकावर शिकले त्यावर विंडोज होते. त्यामुळे एका संपूर्ण पिढीच्या मनात इंटरनेट म्हणजे निळ्या रंगातला 'ई' हे समीकरण पक्के बसले. त्या पिढीतूनच शासकीय संकेतस्थळे बनविणारे आणि ती बनवून घेणारे अधिकारी पुढे आले. 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' ही सूचना शासकीय पानांच्या तळाशी वर्षानुवर्षे असे. उत्तम दिसेल याचा व्यवहारातील अर्थ, अन्यत्र चालणार नाही. मॅकसाठीचा एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये थांबविला आणि लिनक्ससाठी तर तो कधी निघालाच नाही. भारत शासनाच्याच सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारित स्वदेशी कार्यप्रणाली प्रसृत केली. पण शासनाच्याच कित्येक संकेतस्थळांना अमेरिकन ब्राउझर हवा होता आणि तो त्या स्वदेशी प्रणालीवर चालत नव्हता! डाव्या हाताने दिवा लावावा आणि उजव्याने त्यावर फुंकर घालावी, तसे हे झाले.

याचा त्रास कोणाला झाला, हे नागपूरच्या कोणत्याही लहान कंत्राटदाराला विचारावे. ई-निविदा भरताना डिजिटल स्वाक्षरीसाठी जावाचे जोडसाधन लागत असे. क्रोमने अशा जोडसाधनांना सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये दार बंद केले. उरला एक्सप्लोरर. केवळ स्वाक्षरीसाठी एक जुना विंडोज संगणक कोपऱ्यात जपून ठेवण्याची रीत अनेक कार्यालयांत पडली. अखेर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनेच एक्सप्लोररला निरोप दिला, आणि जुनी संकेतस्थळे चालावीत म्हणून एजमध्ये त्याचा एक अवतार शिल्लक ठेवला. आपल्या निविदेची अंतिम मुदत आणि रेडमंड येथील कंपनीचे वेळापत्रक यांची अशी गाठ कोणी बांधली? मायक्रोसॉफ्टने नव्हे. ती आपल्याच कचेऱ्यांनी बांधली.

मराठीची कथा याहून बोलकी आहे. २००० च्या आसपास मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर प्रत्येकाचा स्वतंत्र फॉन्ट असे. तो पानाबरोबर आपोआप उतरवून घेण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत फक्त एक्सप्लोररमध्ये चाले. लिनक्सवर वा मॅकवर तेच पान उघडले की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोड रुळल्यावर ही आपत्ती सरली, तरी बारीक दुखणी उरलीच. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांतील भेद मराठी माणसाला सांगावा लागत नाही. पहिला स्वयंपाक करतो, दुसरा शिकवितो. हा अर्धा 'र' हिंदीत नाही. त्यामुळे तो दुर्लक्षित राहिला आणि कित्येक वर्षे निरनिराळ्या कार्यप्रणालींवर निरनिराळा उमटत राहिला. 'ल' आणि 'श' यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली आणि २०२२ मध्ये पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' यांचा पुन्हा आग्रह धरला. पण युनिकोडमध्ये मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचा क्रमांक एकच आहे. कोणते रूप पडद्यावर यावे हे तीन गोष्टींवर ठरते: फॉन्टमध्ये मराठी रूप आहे की नाही, पान मराठी आहे अशी नोंद ते बनविणाऱ्याने केली आहे की नाही, आणि ब्राउझर त्या नोंदीचा मान राखतो की नाही. विंडोजच्या जुन्या 'मंगल' फॉन्टने मराठी वाचकाला वर्षानुवर्षे हिंदी वळणाचा 'ल' वाचायला लावला. शासन निर्णय मुंबईत निघतो. अक्षराचे वळण मात्र दुसरीकडेच ठरते. फायरफॉक्सचे मराठी रूप सिद्ध करणारे स्वयंसेवक हे जाणून होते, म्हणून त्यांनी मोर्चे काढण्यापेक्षा आज्ञावलीत हात घातला. त्यांची नावे कोणत्याही सत्काराच्या यादीत सापडत नाहीत.

आता पाटीच्या आत डोकावू. ब्राउझरचे बाह्य रूप, म्हणजे पट्ट्या, कळा, रंग, जाहिराती अडविण्याची सोय इत्यादी, हे एक आवरण असते. पान प्रत्यक्ष वाचून पडद्यावर उभे करणारे इंजिन त्याच्या पोटात असते. नावे पन्नास असली तरी आज सर्रास वापरात असलेली मोठी इंजिने तीनच: गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून गूगलचे घेतले. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनेही जानेवारी २०२० पासून एजमध्ये गूगलचेच बसविले. गंमत अशी की, गूगल आणि ॲपल या दोघांच्या इंजिनांचा मूळ पुरुष एकच: लिनक्सच्या केडीई प्रकल्पातील स्वयंसेवकांनी लिहिलेले 'केएचटीएमएल'. ॲपलने ते घेऊन वेबकिट केले, आणि वेबकिटची फांदी काढून गूगलने २०१३ मध्ये ब्लिंक केले. आयफोनवर तर क्रोम असो वा फायरफॉक्स, आत ॲपलचे वेबकिटच असले पाहिजे हा दंडक आहे. युरोपीय संघाने कायदा केला तेव्हा २०२४ मध्ये ॲपलने तो केवळ युरोपपुरता सैल केला. भारतानेही काहीच केले नाही असे नाही. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यात क्रोम आधीच बसवून देण्याचा मुद्दा होता. अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये हा दंड कायम ठेवला.

मग स्वदेशी ब्राउझरचे काय? बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने २०१० मध्ये 'एपिक' आणला. त्यात भारतीय भाषांत लिहिण्याची सोय होती, भारतीय चित्रांचे साज होते, आणि पोटात मोझिलाचे इंजिन होते. २०१३ मध्ये त्याच कंपनीने गोपनीयतेवर भर देणारी नवी आवृत्ती काढली, ती गूगलच्या क्रोमियमवर. इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय वेब ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. बक्षिसांसह एकूण तरतूद ३.४१ कोटी रुपयांची. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि एक कोटीचे पहिले पारितोषिक झोहोला मिळाले. उलाही क्रोमियमवरच उभा आहे. हे सांगितले की काही कार्यकर्त्यांचा चेहरा पडतो, तर काही टीकाकारांना आनंदाचे भरते येते. दोन्ही अनाठायी आहे.

नागपूरकरांना एम्प्रेस मिलचे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नाही. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली, नाव दिले इंग्लंडच्या राणीच्या नव्या पदवीचे, आणि यंत्रे आणली इंग्लंडहूनच. (त्या जागेवर आज मॉल उभा आहे, हा भाग वेगळा.) म्हणून जमशेटजींना कोणी विदेशीचा अडत्या म्हणत नाही. विदर्भाचा कापूस विदर्भात कातला गेला, यंत्र चालविणारे हात येथे तयार झाले, आणि त्याच उद्योजकाने पुढे मुंबईत 'स्वदेशी मिल' काढली. क्रोमियम हे मुक्तस्रोत आहे. कोणीही ते घ्यावे, बदलावे, हा त्याचा परवाना आहे. त्यावर उभारलेल्या उलामध्ये वापरणाऱ्याची माहिती आणि तिच्यावरचे नियंत्रण भारतीय कंपनीकडे राहते, हा लाभ खरा आहे. खोटे आहे ते फक्त 'यंत्र आपले' हे वाक्य. यंत्र लँकेशायरचे आहे हे जमशेटजींनी लपविले नव्हते.

इंजिनाहूनही नाजूक असा तिसरा भाग आहे, आणि त्याची चर्चा आपल्या वर्तुळात जवळपास होतच नाही. बँकेचे संकेतस्थळ उघडल्यावर ते खरोखर त्याच बँकेचे आहे हे ब्राउझर कसे ओळखतो? प्रत्येक संकेतस्थळ एक डिजिटल प्रमाणपत्र दाखविते, आणि ते देणारी संस्था विश्वासार्ह आहे की नाही हे ब्राउझर स्वतःजवळच्या वा कार्यप्रणालीतील यादीवरून पडताळतो. त्या यादीत नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र आले की पडद्यावर धोक्याची सूचना झळकते. भारतातील सर्वोच्च प्रमाणन प्राधिकरण, म्हणजे प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक, मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. मोझिलाच्या नव्हते, ॲपलच्याही नव्हते. त्यामुळे आपल्याच प्राधिकरणाच्या साखळीतील प्रमाणपत्र विंडोजवर चाले आणि अन्यत्र संशयित ठरे. सार्वभौम राष्ट्राचा शिक्का परक्या कंपनीच्या वहीत नाव असेल तरच खरा, ही अवस्था कोणत्याही स्वाभिमानी नागरिकाला बोचेल.

मात्र पुढचे सांगितल्याशिवाय हे अर्धसत्य राहील. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आले की, नियंत्रकांच्या अखत्यारीतील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन शाखेकडून गूगलच्याच संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. अशा प्रमाणपत्राच्या आधारे मधला कोणीही तोतया बनून वापरणाऱ्याचा पत्रव्यवहार वाचू शकतो. नियंत्रकांनी ३ जुलै रोजी त्या शाखेची प्रमाणपत्रे रद्द केली. प्रमाणपत्रे देण्याच्या प्रक्रियेतच कोणीतरी शिरकाव केल्याचे त्यांच्या चौकशीत निष्पन्न झाले. गूगलने क्रोममध्ये भारतीय प्राधिकरणाचा अधिकार शासकीय व मोजक्या अन्य अशा सातच नामक्षेत्रांपुरता सीमित केला. परकीयांनी डावलले ही तक्रार करताना, चावी आपल्याच घरातून हरवली होती हे विसरता येणार नाही. २०२३ च्या स्पर्धेची एक प्रमुख अट हीच होती की, भारतीय ब्राउझरची स्वतःची विश्वासयादी असावी आणि तीत भारतीय प्राधिकरणाचे मूळ प्रमाणपत्र असावे. अट योग्य आहे. परंतु तिची दुसरी बाजू अशी की, उद्या पुन्हा २०१४ घडले तर ते पकडणारा आणि स्वतःच्या शासनाला 'तुमचे प्रमाणपत्र मी नाकारतो' असे सांगणारा कोणी त्या स्वदेशी ब्राउझरच्या पाठीशी असला पाहिजे. गूगलला ते सांगता आले, कारण ते आपल्या शासनाचे बांधील नव्हते. भारतीय कंपनीला तेवढी मोकळीक कायद्याने मिळावी, अशी मागणी स्वदेशीच्या व्यासपीठावरून झाली तर ती अधिक मोलाची ठरेल.

आपल्या स्वतःच्या सवयींकडेही पाहिले पाहिजे. अलीबाबा या चिनी समूहाचा यूसी ब्राउझर एके काळी भारतातील मोबाइलवर अतिशय लोकप्रिय होता. स्वस्त मोबाइलवर, मंद जोडणीवर तो चटकन चाले. कॅनडातील सिटिझन लॅबने मे २०१५ मध्येच त्यातून वापरणाऱ्यांची खासगी माहिती पुरेशा संरक्षणाविना बाहेर जात असल्याचे प्रसिद्ध केले होते. दिवाळीत चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराचे आवाहन पुढे पाठविणाऱ्या किती जणांनी ते त्याच ब्राउझरमध्ये वाचले असेल? २९ जून २०२० रोजी शासनाने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली तेव्हा तो गेला. घराघरांतील जागृतीने गेला नाही.

आणि अवलंबित्व म्हणजे केवळ हेरगिरी नव्हे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, मग सेवा पूर्ववत झाल्या. पैसे भरून घेतलेली सेवा दूरच्या कायद्याने बंद पडू शकते, हे त्या दिवशी दिसले.

ब्राउझरच्या बाबतीत असा प्रसंग टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय एका ब्राउझरची जागा दुसऱ्या, कितीही स्वदेशी, ब्राउझरला देणे हा नाही. शासनाचे प्रत्येक संकेतस्थळ विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड यांवर आणि तिन्ही इंजिनांत सारखेच चालले पाहिजे, ही अट निविदेतच असावी, आणि चाचणी झाल्याखेरीज देयक अदा होऊ नये. उद्या 'हे संकेतस्थळ उलामध्येच उत्तम दिसेल' असे कोठे छापले गेले, तर एक्सप्लोररच्या काळातील चूक नव्या पाटीखाली पुन्हा झाली असे म्हणावे लागेल. चाचणीत मराठीचाही समावेश हवा: अर्धा 'र', पाकळीयुक्त 'ल', देठयुक्त 'श', आणि अर्ज भरताना नावातील जोडाक्षरे न तुटणे.

राहिला प्रश्न इंजिनाचा. हे काम अब्जावधी डॉलरांखेरीज अशक्य आहे, असे मायक्रोसॉफ्टने माघार घेतल्यावर सर्वत्र बोलले गेले. तरीही स्वीडनमधील आंद्रेयास क्लिंग या एका आज्ञावलीकाराने हौस म्हणून आरंभलेल्या कामातून 'लेडीबर्ड' हे कोणाच्याही इंजिनावर न बेतलेले नवे इंजिन आकाराला येत आहे, आणि २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्थाही स्थापन झाली. मोझिलात जन्मलेले 'सर्वो' २०२३ पासून लिनक्स फाउंडेशनच्या युरोपीय शाखेच्या आश्रयाने वाढत आहे. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, दोन्हींचे दार सर्वांना खुले आहे. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आहे, मिहानमध्ये मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी सर्वोमध्ये मराठी अक्षरे नीट उमटतात की नाही हे तपासून दुरुस्ती पाठविण्याचा प्रकल्प घ्यायचा ठरविले, तर त्याला शासनाचे अनुदान लागत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकाची स्वाक्षरी पुरते.